थान न्या हो : आत नुसती शेतं, मग बघायचं काय?

व्हिएतनाममध्ये निन्ह बिन्हपर्यंत जातोय, तर पुढे थान होआ प्रांतातला थान न्या हो, म्हणजे हो घराण्याचा किल्ला बघावा का, की आत नुसतीच भातशेती आहे, असं विचारलंय. शेती आहे, हे खरं. राजवाडा कधीच नामशेष झाला. आत शिल्प म्हणाल तर पायऱ्यांच्या कडेच्या दगडी ड्रॅगनांची एक जोडी, तीही मुंडकी उडालेली. तरी जा. तट आणि दरवाजे बघायला जा.

किल्ला बांधवून घेणारा हो क्वी ली हा तेव्हा राज्य करणाऱ्या त्रान घराण्याच्या दरबारातला सर्वांत वजनदार माणूस. थांग लाँगमध्ये, म्हणजे आजच्या हनोईत, जुन्या सरदार घराण्यांचा जोर. म्हणून त्यानं १३९७ मध्ये राजधानीच उचलून इथे, आपल्या मुलखात आणली. पुढच्या वर्षी राजाला गादी सोडायला लावली, १४०० मध्ये स्वतः बसला आणि १४०७ मध्ये चीनच्या मिंग घराण्याच्या फौजांनी त्याला पोरांसकट पकडून नेलं. सगळा खेळ सात वर्षांचा!

तट मात्र सहाशे वर्षांनंतरही उभा आहे. जवळपास चौरस, एकेक बाजू ८७०-८८० मीटर. बाहेरून चुनखडीचे घडीव चिरे, आतून ठासलेली माती. काही चिरे वीस टनांच्या वर आहेत आणि सांध्यात चुना नाही, निव्वळ वजनावर बसवलेत. बांधकाम तीनेक महिन्यांत उरकलं असं सांगतात. आवारात दगडी गोळे सापडलेत, चिरे त्यांवरून सरकवत आणले असावेत.

दक्षिण दरवाज्याला सवडीनं वेळ द्या. बाकी तिन्ही दरवाज्यांना एकेक कमान, इथे तीन, मधली मोठी. मधल्या कमानीखाली उभं राहून वर बघा. पाचरीच्या आकाराचे तासलेले दगड एकमेकांना इतके घट्ट भिडलेत की किल्ले पालथे घातलेला माणूसही गप्प होतो.

पूर्व दरवाज्याजवळ बिन्ह खुओंग नावाच्या बाईचं छोटं देऊळ आहे. तटाचा हा भाग पुन्हापुन्हा ढासळायला लागला, तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या तिच्या नवऱ्यावर फितुरीचा संशय घेऊन त्याला तटातच चिणलं आणि तिनं त्याच दगडावर डोकं आपटून जीव दिला, अशी दंतकथा. तो दगड देवळात दाखवतात. कथा खरी-खोटी असो, एवढ्या घाईत मजुरांचे काय हाल झाले असतील, हे तिच्यातून कळतं.

वेळ उरला तर दक्षिणेला दोन-अडीच किलोमीटरवर डोंगरउतारावरची नाम झाओची वेदी बघा, १४०२ ची. राजा तिथे आकाशाची पूजा करायचा. सावली कुठेच नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा.