चरबी, आमसूल आणि बाटलीतल्या कॅप्सूल : वाचकांचे प्रश्न

वनस्पतींतल्या कुठल्या घटकाने रक्तातली चरबी उतरते, हे विचारणारी पत्रं थांबत नाहीत. नेहमीचे पाच प्रश्न घेतले आहेत.

संकेश्वरी मिरचीचा ठेचा रोज खाल्ला तर चरबी जळते का? (संकेश्वर)

नाही. घाम येतो. मिरचीतल्या कॅप्सायसिनने शरीर थोडी जास्त उष्णता सोडतं खरं, पण ठेच्याच्या चवीवर एक भाकरी जादा गेली की हिशेब बरोबर!

तेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं छापलंय. तेच घ्यावं का? (बेळगाव)

कोणत्याच वनस्पती तेलात नावाला धरण्याइतकं कोलेस्टेरॉल नसतं. घाण्यावरच्या शेंगतेलातही नाही. छापणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. पिशवी उलटी करा आणि संतृप्त चरबीचा आकडा वाचा. पामतेलात ती जवळपास निम्मी असते.

जवसाची चटणी रोज खातो, तरी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जैसे थे. (चिकोडी)

चटणी चिमटीने खाल्ली जाते, ते प्रमाण पुरत नाही. रोज एक ते दोन मोठे चमचे पूड पोटात जायला हवी, आणि जवस दळलेलंच हवं. अख्खं बी जसंच्या तसं बाहेर पडतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार करून दळा, आठवड्यापुरतीच पूड घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. कडवट, खवट वास आला की टाकून द्या. छोट्या चमच्याने सुरुवात करा, वर भरपूर पाणी प्या. नाहीतर पोट गच्च होतं.

जवसाचा बुळबुळीत तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. नवीन पित्त करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं, म्हणून एलडीएल थोडं उतरतं. थोडंच. गोळ्या आणि जवस यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कोकमाच्या अर्काच्या कॅप्सूल नैसर्गिकच ना? शेजारच्या काकूंना गुण आला म्हणे. (खानापूर)

काकूंनी त्याच महिन्यात भात आणि कुंदा सोडला होता का, ते विचारा.

कोकम आणि त्याच्या भाऊबंद फळांत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. जादा साखरेपासून चरबी बनवताना यकृत एटीपी सायट्रेट लायेज हे एन्झाइम वापरतं; हे आम्ल त्याला अडवतं. परीक्षानळीत आणि उंदरांत हे दिसलं. माणसांत? 1998 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 135 जणांपैकी काहींना 12 आठवडे रोज 1500 मिलिग्रॅम हे आम्ल दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. बाटलीवरचं ‘60 टक्के’ अर्काची तीव्रता सांगतं, गुणाची हमी देत नाही.

आमटीतल्या चार आमसुलांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार अर्काबद्दल आहे. अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला गंभीर इजा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. बऱ्याच बाटल्यांत ग्रीन टीचा अर्कही मिसळलेला असतो. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला 800 मिलिग्रॅमच्या वर गेलं की यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिला. कपातल्या चहाची गोष्ट वेगळी. लघवी गडद, डोळे पिवळे, भूक मेलेली, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर कॅप्सूल बंद करा आणि बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ असं विकणारा म्हणेल, ऐकू नका. काहीच त्रास नसला तरी आधी एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि हो, बाजारातलं गोड कोकम सरबत म्हणजे मुख्यतः साखर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, त्यानेच चढतं. आगळात मीठ असतं, रक्तदाबवाल्यांनी जपून. सुकी आमसुलं भिजवलेलं पाणी बरं.

ट्रायग्लिसराइड 612 आलंय. दोन महिने मेथीचं पाणी पिऊन परत तपासू का? (निपाणी)

नको. 500 च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. मेथीचा तंतू दाण्यात राहतो, पाण्यात फारसा उतरतही नाही. दारू आजपासून बंद. रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात फिजिशियनना भेटा, साखर आणि थायरॉइडही तपासा. वरच्या पोटात पाठीकडे जाणारी जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.