पाडलं म्हणजे चेंडू गेला नाही

लीड्स, इंग्लंड

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर म्हणालास, "काका, बॅग भरून ठेवलीय. आता मैदानात पाय ठेवणार नाही." चार वर्षं कबड्डीत संघाचा डावा कोपरा राखलास, आणि या मोसमात बाहेरून आलेल्या मुलाला तिथे उभं करून तुला राखीव बसवलं. वर सर म्हणाले, त्याला घोट्याची पकड शिकव. तुझा आवाज ऐकल्यावर मला झोप लागली नाही. मेहनत कर, दिवस पालटतील, असलं काही मी लिहिणार नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती मी इथे हेडिंग्लीच्या मैदानावर शिकलो, आणि फार उशिरा शिकलो.

इथल्या लोकांचा जीव रग्बी लीगवर. 1895 साली इंग्लंडच्या उत्तरेतले क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि रग्बीच्या जुन्या संघटनेतून बाहेर पडले, त्यातूनच हा खेळ निघाला. शनिवारी सामना असला की गिरणीतल्या, खाणीतल्या खेळाडूंचा खाडा व्हायचा, आणि बुडालेली मजुरी भरून द्यायला ती संघटना तयार नव्हती. लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

या खेळात तुला पाडलं तरी चेंडू तुझ्याच संघाकडे राहतो. तू उठायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायाने मागे सरकवायचा. मागे तुझा सोबती वाकून उभा असतो, तो उचलतो. सहाव्यांदा पाडलं की मग चेंडू समोरच्यांचा. तू किती झटकन उठतोस यावर पुढची चाल ठरते, कारण तू रेंगाळलास की समोरची फळी परत नीट उभी राहते. पाडलं म्हणजे चेंडू गेला नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेव.

रॉब बरो हे नाव तू ऐकलं नसशील. उंची पाच फूट पाच इंच. 2001 ते 2017 एकाच क्लबकडून, लीड्स ऱ्हायनोजकडून, 492 सामने खेळला आणि सुपर लीग या इथल्या मुख्य स्पर्धेचा आठ वेळा विजेता ठरला. त्याच्या उंचीचं कौतुक सगळे करतात, मला ते सांगायचं नाही. 2011 चा अंतिम सामना सांगतो. ओल्ड ट्रॅफर्ड, समोर सेंट हेलेन्स. इतकी वर्षं खेळलेला हा माणूस त्या दिवशी बाकावर होता. राखीव! आत आला, सोबत्याने मागे सरकवलेला चेंडू उचलला, दोन धिप्पाड गड्यांच्या हातांखालून वाकून निसटला, शेवटच्या रक्षकाला हुलकावणी दिली आणि रेषेपार गेला. लीड्स 32-16 ने जिंकलं, आणि सामनावीर एकमताने हाच. मी घरी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो. ती धाव मी त्यानंतर कितीदा पाहिली असेल. पण त्याच्या आधी पडलेला आणि उठून तो चेंडू मागे देणारा गडी कोण, हे मला आजही सांगता येणार नाही. तो उठला नसता तर ती धावही झाली नसती.

तुला आज त्याच गड्याचं काम दिलंय. त्याला तू अपमान म्हणतोस.

मीही म्हणालो होतो. 1983 साली मला असंच राखीव बसवलं आणि माझ्या जागी आलेल्या पोराला तयार करायला सांगितलं. मी बनियन कार्यवाहांच्या टेबलावर ठेवून निघून आलो. घरी सांगितलं, नोकरी बघतो. खोटं नव्हतं ते. संपात आप्पांची गिरणी बंद पडून वर्ष उलटलं होतं, आई खानावळीच्या पोळ्या लाटत होती, घरात पैसे हवे होते. तू माझ्या जागी असतास तर तूही नोकरीच धरली असतीस. पण नोकरी दिवसाची होती आणि सराव संध्याकाळी सातला असायचा, हे मी चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या पोराला माझी पकड येत होती तेवढी शिकवली असती तर काय बिघडलं असतं? पाडलं म्हणजे चेंडू गेला नाही. मी चेंडू घेऊन घरी आलो.

बरोचं पुढचंही लिहितो, पण त्यातून तात्पर्य काढत बसू नकोस. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, 2019 च्या डिसेंबरात, त्याला मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. आधी बोलणं गेलं, मग हातपाय. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं. त्याचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड या आजाराच्या कामासाठी पैसे उभे करायला सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. मे 2023 मध्ये त्याने बरोला चाकांच्या खुर्चीत बसवून लीड्सची अख्खी मॅरेथॉन ढकलत पूर्ण केली. शेवट हेडिंग्लीलाच होता, मी दोरीला टेकून उभा होतो. रेषेच्या अलीकडे सिनफील्ड थांबला. वाकला, पट्टे सोडले, मित्राला दोन्ही हातांत उचललं आणि रेषेपार नेलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई हुंदके देत होती. माझ्या डोळ्यांसमोर मात्र लालबागचं मैदान आणि ते कार्यवाहांचं टेबल.

2 जून 2024 ला बरो गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता.

तुझ्या बाबतीत अन्याय झाला नाही, असं मी म्हणत नाही. झाला असेल. सरांशी स्पष्ट बोल, कारण विचार, तोंड लपवू नकोस. पण बॅग भरून ठेवण्यात कसली मर्दुमकी? कबड्डीत बाद झालेला गडीसुद्धा उठून घरी जात नाही. रेषेबाहेर ओळीने बसतो, आतल्याने समोरचा गडी बाद केला की परत जिवंत होतो. तुला हे मी शिकवायचं का? तुझ्या आजोबांनी तुला चालायच्या आधी मध्यरेषा दाखवली होती.

उद्या सरावाला जा. त्या मुलाला घोट्याची पकड दाखव, अर्धी नको, पूर्ण दाखव. चढाईपटूचं वजन मागच्या पायावरून सुटतं तो क्षण कसा ओळखायचा, तेही सांग. गिरगावातल्या स्पर्धेत तू तीन गडी तसेच पकडले होतेस, मी व्हिडिओ पाहिलाय. आणि रात्री मला कळव, तो झेपावताना आधी कुठला हात टाकतो.

तुझा काका