तिलैया नक्की कुठे अडकला

प्रश्न असा आहे की झारखंडचा तिलैया वीजप्रकल्प रिलायन्स पॉवरने मुद्दाम कमी बोली लावून घेतला आणि मग कोळसा महागल्यावर सोडून दिला का. मला हे अर्धवट वाटतं, कारण कोळशाच्या भावाचा हा घोळ आंध्रातल्या कृष्णपट्टणम प्रकल्पाचा आहे, तिथे कोळसा इंडोनेशियातून यायचा होता आणि 2010 मध्ये त्या देशाने निर्यातीचे नियम बदलल्यावर युनिटला 2.33 रुपयांचा दर परवडेना. तिलैयाला स्वतःची खाण होती, केरेंदारी बी आणि सी, म्हणून तर बोली 1.77 रुपयांवर आली.

या यूएमपीपी (अल्ट्रा मेगा पॉवर प्रोजेक्ट) स्कीममध्ये, म्हणजे 4000 मेगावॉटच्या आसपासचे जे अजस्त्र प्रकल्प होते त्यात, पीएफसी, म्हणजे पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी, आधी कागदावर एक कंपनी काढायची, जागा, पाणी, खाण तिच्या नावावर दाखवायची, मग सर्वात कमी दरवाल्याला ती अख्खी कंपनी द्यायची. ऑगस्ट 2009 मध्ये तिलैयाची अशी कंपनी रिलायन्स पॉवरकडे गेली. पण जमिनीचा ताबा? तो राज्याने नंतर द्यायचा होता. आणि तिकडच्या जमिनीचं दुखणं असं की खतियानात, म्हणजे तिकडच्या जमिनीच्या सरकारी नोंदीत, ‘जंगल-झाडी’ लिहिलेलं असतं आणि तिथे बघावं तर कोणाचं तरी भाताचं शेत, तरी ते वनच धरायचं, म्हणजे वन मंजुरी आली. त्यात नेमकं त्याच ऑगस्टमध्ये पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढलं की वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभेची संमती आधी हवी. (माझ्या मते हे योग्यच होतं, शेत कोणाचं ते त्या गावाला विचारायला नको का?) पण करारातली तारीख काही त्यासाठी थांबत नाही, आणि ताबा नसताना बँक कर्ज सोडत नाही, कर्ज नाही तर बॉयलरची ऑर्डर तरी कशाच्या जोरावर देणार.

एप्रिल 2015 मध्ये कंपनीने 10 राज्यांतल्या 18 वीज खरेदीदारांबरोबरचा करार मोडला, कारण दिलं साडेपाच वर्षांत जमीन न मिळाल्याचं. आता इतकी वर्षं गेल्यावर तो जुना दर त्यांना परवडला असता का, मला शंकाच आहे, त्यामुळे सुटल्याचं फार दुःख झालं असेल असं वाटत नाही, पण अडलं होतं ते जमिनीवरच. 2018 मध्ये ती कागदी कंपनी झारखंडच्या ऊर्जा निगमकडे गेली आणि रिलायन्सला झालेल्या खर्चाचे सुमारे 112 कोटी परत मिळाले, 36,000 कोटींचा म्हणून गाजलेला प्रकल्प होता हा!