सिगारेट न ओढणाऱ्यांच्याही फुप्फुसांची प्रतिकारशक्ती प्रदूषणामुळे कमी होते का?

हो, सिगारेटला कधी हात न लावलेल्यांचीही कमी होते. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी जंतूंसारखेच त्यांनाही गिळतात. पण जंतू पचतो, काजळीतला कार्बन पचत नाही. तो पेशीतच साठून राहतो. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मरणोत्तर अवयवदान केलेल्या ११ ते ९३ वयाच्या ८४ जणांच्या लसिकाग्रंथी, म्हणजे मॅक्रोफेजसारख्या रोगप्रतिकारक पेशी जिथे जमतात त्या छोट्या गाठी, तपासल्या होत्या. फुप्फुसांजवळच्या ग्रंथी वाढत्या वयानुसार काळवंडत गेलेल्या होत्या, आतड्यांजवळच्या मात्र नाही. कण साठलेल्या पेशी जंतू कमी गिळत होत्या, इतर पेशींना सावध करणारे रासायनिक संदेशही कमी सोडत होत्या. म्हातारपणी न्यूमोनिया जास्त का छळतो, याचं एक कारण इथे असावं. मात्र किती वर्षं, किती प्रदूषणात राहिल्यावर एखाद्याला त्रास होईल, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. आणि रुमालाच्या भरवशावर राहू नका, त्यातून हे कण आरपार जातात; चेहऱ्यावर कडेने फट न राहता बसणारा एन-९५ किंवा तशाच दर्जाचा मास्कच ते नीट अडवतो.