वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी देऊन नवी घेताना

जुनी गाडी शोरूमला देऊन नवी घेण्याच्या व्यवहारांबद्दल खान्देशातून आलेली पाच पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर थोडा आटोपशीर केला असून शोरूमची आणि व्यक्तींची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी अमळनेर येथे माध्यमिक शिक्षक आहे. जळगावच्या एका शोरूममध्ये नवी गाडी बुक करताना माझी २०१६ ची पेट्रोल गाडी एक्सचेंजमध्ये द्यायचे ठरले. त्यांचा माणूस घरी येऊन गाडी चालवून, फोटो काढून गेला आणि बुकिंग फॉर्मवर तिची किंमत २,८५,००० रुपये लिहिली गेली. गाडी व कागदपत्रे त्यांनी आधीच ताब्यात घेतली. बँकेच्या कर्जाचे पैसे शोरूमच्या खात्यात गेल्यावर, डिलिव्हरीच्या दिवशी मात्र, ‘डावा दरवाजा रिपेंट केलेला निघाला, आता २,४०,००० च मिळतील’ असे सांगण्यात आले. घरची मंडळी पूजेचे ताट घेऊन उभी होती, म्हणून मी वरचे ४५,००० रुपये भरून गाडी घेतली. हे पैसे परत मिळतील का? शिवाय जुन्या गाडीचे पैसे वजा न करता नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर जीएसटी लावला, हे योग्य आहे का?

उत्तर : पैसे परत मिळू शकतात, आपली बाजू आपल्याला वाटते तितकी कमकुवत नाही. अशा वादात शोरूमवाले जुन्या गाडीचा सौदा निराळा आणि नव्या गाडीचा निराळा असे भासवतात, आणि जुनी गाडी देणारा हा विक्रेता असल्याने त्याला ग्राहक म्हणून दादच मागता येत नाही, असा युक्तिवादही करून पाहतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा तो ग्राहक. बुकिंग फॉर्मवर नव्या गाडीच्या किमतीतून जुन्या गाडीचे २,८५,००० रुपये वजा दाखवलेले असतील, तर जुनी गाडी ही नव्या गाडीच्या मोबदल्याचाच एक हिस्सा ठरते, आणि तो हिस्सा ताब्यात घेतल्यानंतर त्याचे मोल एकतर्फी उतरवणे म्हणजे दोन्ही पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे होय. हे तक्रारीचे कारण म्हणून कायद्याने स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातसुद्धा लगाम हाती घेतल्यावर कोणी भाव पाडून मागत नाही. (आपण नवी गाडी न घेता जुनी गाडी नुसतीच विकली असती, तर मात्र प्रश्न वेगळा झाला असता आणि बहुधा दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागला असता.)

आता फॉर्मच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचा. ‘अंतिम मूल्यांकन गाडी ताब्यात घेताना केले जाईल’ अशी अट बहुतेक फॉर्मवर असते. पहिली पाहणी आणि ताबा यांच्या दरम्यान गाडी ठोकली गेली, टायर बदलून जुने बसवले किंवा ती आणखी बरीच पळवली, तर या अटीचा आधार घेता येतो. परंतु दरवाजाचा रंग पहिल्या दिवशीही तोच होता, तो पाहण्यासाठीच त्यांचा माणूस आला होता, आणि ताबा घेतानाही कोणी हरकत नोंदवली नाही. त्यामुळे ती अट येथे त्यांच्या उपयोगाची नाही, असे माझे मत आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. गाडीला मोठा अपघात झाला होता, विम्याचा दावा घेतला होता आणि विचारल्यावरही आपण तो लपवला होता, असे असेल तर शोरूमची बाजू भक्कम होते आणि माझे वरचे उत्तर बदलते.

आपण ४५,००० रुपये निमूटपणे भरले, हा त्यांच्या हातातला मुख्य मुद्दा राहील. पावतीवर किंवा डिलिव्हरी नोटवर ‘हक्क राखून, नाइलाजाने रक्कम भरली’ एवढी ओळ तारखेसह लिहिली असती तर चांगले झाले असते. बँकेचे पैसे जमा झालेले आणि जुनी गाडी त्यांच्या आवारात अशा अवस्थेत माणसाला पर्याय नसतो, हे ग्राहक आयोगाला समजावणे त्यामुळे सोपे जाते. तसे लिहिले नसल्यास आजच ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्टाने हरकत नोंदवा. त्या पत्रात मूळ किंमत, ताब्याची तारीख, कपात आणि ती कळवल्याची वेळ, एवढेच लिहावे आणि पंधरा दिवसांत पैसे परत मागावेत. प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीला जरूर पाठवा, कारण कंपनीकडून विचारणा आली की डीलर मऊ येतो. मात्र तक्रारीत सगळा भार कंपनीवर टाकू नका. डीलरने जुन्या मॉडेलची, आधी काही किलोमीटर चाललेली गाडी गळ्यात मारल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा मोटर्सला जबाबदार धरले नव्हते. कंपनी आणि डीलर यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर डीलरच्या कृत्याची माहिती कंपनीला होती हे दाखवावे लागते.

पत्राने काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. शुल्क ४५,००० वर नव्हे, तर गाडीसाठी मोजलेल्या पूर्ण मोबदल्यावर ठरते: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, दहा ते वीस लाखांपर्यंत ४०० रुपये.

जीएसटीबाबत शोरूमचे बरोबर आहे. मोबदला पूर्णपणे पैशांत नसेल तेव्हा वस्तूचे खुल्या बाजारातले मूल्य धरून कर लावावा, असा केंद्रीय जीएसटी नियमांतला २७ वा नियम सांगतो. त्या नियमातच उदाहरण दिले आहे: जुना फोन देऊन नवा फोन २०,००० रुपयांना मिळतो, आणि जुना न देता तोच २४,००० ला मिळतो, तर कर २४,००० वर. गाडीलाही तेच लागू.

प्रश्न : भुसावळला गाडी बुक केली. इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर एक्सचेंज बोनस (जुनी गाडी दिल्याबद्दलची जादा सवलत) मिळणार नाही, असे सांगतात. बिलात ‘हँडलिंग चार्जेस’ही लावले आहेत.

उत्तर : विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे, आणि डीलरने ठरावीक विम्याची सक्ती करू नये अशी आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा) सक्तीचा आहे, पण तो कोठूनही घेता येतो. एका गोष्टीसाठी दुसरी माथी मारणे ही कायद्याच्या भाषेत प्रतिबंधक व्यापार प्रथा आहे. बोनसची अट लेखी मागा; बहुतेक वेळा कागद मागितला की अट विरघळते. हँडलिंग शुल्काला कायद्याचा आधार नाही, ते काढून टाकायला सांगा.

यापेक्षा मोठी रक्कम बहुधा दुसरीकडे गळत असते. जुन्या गाडीवर आपण दावा घेतला नसेल तर त्या विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून आपला असतो, आणि तो नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) हप्त्यावर जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत सवलत देतो. जुन्या विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन या आणि शोरूमच्या कोटेशनमध्ये ही सवलत धरली आहे का ते पाहा.

प्रश्न : शहाद्याहून लिहीत आहे. मागच्या वर्षी धुळ्याच्या डीलरला एमएच ३९ पासिंगची जुनी गाडी एक्सचेंजमध्ये दिली. त्यांनी सांगितलेल्या सगळ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. फॉर्म कोरेच होते. आता गुजरातमधून वेगाची ई-चलाने माझ्या मोबाईलवर येत आहेत, आणि मध्यंतरी लळिंगच्या टोलनाक्यावर माझ्या फास्टॅगमधून पैसेही कापले गेले. डीलर म्हणतो, गाडी पुढे विकली, आता आमचा संबंध नाही.

उत्तर : या पाच पत्रांत सर्वांत तातडीचे पत्र आपले आहे. चलानाचे पैसे ही त्यातली किरकोळ बाब समजा. मोटार वाहन कायद्यानुसार मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो, आणि हस्तांतर नोंदवले नसेल तर गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताच्या नुकसानभरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यात गाडीचा विमा संपलेला असेल तर वसुली आपल्या घरापर्यंत येऊ शकते.

त्यामुळे क्रम असा ठेवा. फास्टॅग आजच बंद करा. परिवहनच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव, विम्याची मुदत आणि थकीत चलाने पाहा व त्याची प्रिंट काढा. मग नंदुरबारच्या आरटीओला लेखी कळवा की अमुक तारखेला गाडी अमुक डीलरच्या ताब्यात दिली. सोबत बुकिंग फॉर्म, ज्यात जुन्या गाडीची किंमत वजा केली आहे ते बिल आणि ताबापावती जोडा. खरे तर गाडी विकल्याची खबर फॉर्म २९ वर देण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे आणि राज्यातल्या राज्यात त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. घेणाऱ्याने फॉर्म ३० वर ३० दिवसांत आपले नाव चढवायचे असते. उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, उशिरा दिलेली खबरही न दिलेल्या खबरीपेक्षा उपयोगी पडते. गाडी कोणाकडे आहे हे डीलर लेखी सांगत नसेल तर पोलिसांकडे अर्ज देऊन त्याची पोच घ्या.

डीलरचा ‘संबंध नाही’ हा दावा टिकणारा नाही. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने केलेले नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. त्यांनुसार डीलरने आरटीओकडून अधिकृतपत्र घ्यायचे, आणि मालकाने गाडी ताब्यात दिल्याची खबर फॉर्म २९सी वर ऑनलाइन द्यायची. ती दिली की पुढच्या घटनांपुरता डीलरच मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, समजला जातो. म्हणून डीलरला दोनच प्रश्न लेखी विचारा: आपल्याकडे अधिकृतपत्र आहे काय, आणि माझ्या गाडीचा २९सी भरला काय. दोन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील, तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगात करण्याला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेण्यामागचे कारणही सांगतो. गाडी एकदम तिसऱ्याच्या नावावर चढवली की मधले हस्तांतर आणि त्याचा खर्च वाचतो, आणि गाडी परराज्यात जायची असेल तर आपल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते, जिच्या अर्जावर पुन्हा मूळ मालकाचीच सही असते. ही सोय डीलरची, जोखीम मात्र आपली. ज्यांना गाडी अजून द्यायची आहे त्यांनी सही करण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरून घ्यावी, भरलेल्या फॉर्मचे फोटो काढावेत, आणि ताबापावतीवर तारखेबरोबर वेळ व किलोमीटरचा आकडाही लिहून घ्यावा. चलानावर वेळ छापलेली असते, तेव्हा ही वेळ कामाला येते.

प्रश्न : रावेर तालुक्यात केळीची शेती आहे. जळगावच्या एका डीलरच्या जुन्या गाड्यांच्या विभागातून माझी छोटी गाडी आणि वर रक्कम देऊन एक वापरलेली एसयूव्ही घेतली. मीटरवर ६८,००० किलोमीटर होते. सर्व्हिसिंगला नेली तेव्हा २०२२ मध्येच ती १,१२,००० किलोमीटर चालल्याची नोंद निघाली. डीलर ‘गाडी जशी आहे तशी घेतली’ या ओळीखालची माझी सही दाखवतो.

उत्तर : ‘जशी आहे तशी’ या शब्दांनी झिजलेला क्लच किंवा थकलेली बॅटरी खपून जाईल; खोटे सांगितलेले किलोमीटर त्यात बसत नाहीत. मीटर मागे फिरवून गाडी कमी चाललेली भासवणे ही भारतीय करार कायद्यातली सरळसरळ फसवणूक आहे आणि असा करार रद्द करण्याचा पर्याय फसवल्या गेलेल्याला असतो. येथे आपली छोटी गाडी पुढे विकली गेली असेल, म्हणून ती परत मागण्याऐवजी तिची बिलात धरलेली किंमत आणि वर दिलेली रक्कम परत मागा, आणि पर्याय म्हणून आपण मोजलेली किंमत व खऱ्या किलोमीटरप्रमाणे होणारी किंमत यांतला फरक. मीटर डीलरनेच फिरवले की आधीच्या मालकाने, हा वाद ते घालतील. पण चॅसिस क्रमांक टाकून जी नोंद सर्व्हिस सेंटरमध्ये निघाली, ती गाड्यांचाच धंदा करणाऱ्याला विकण्यापूर्वी काढता आली नाही, हे पटवून देणे त्याला जड जाईल.

सर्व्हिसची नोंद शिक्क्यासह घ्या. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचे संभाषण जपून ठेवा. तो मोबाईल विकू नका. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. गाडीतून केळीच्या वखारीवर जाता येता म्हणून आपण ‘व्यापारी हेतू’चे ग्राहक ठरता, असा आक्षेप आला तर घाबरू नका, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे. आणि निकाल लागेपर्यंत गाडी शक्यतो कमी चालवा.

प्रश्न : आम्ही नवापूरला राहतो. जुनी गाडी देऊन सुरतेच्या शोरूममधून नवी घेतली आणि एक्सचेंज बोनसचे २५,००० रुपये अजून दिलेले नाहीत. तक्रारीसाठी सुरतेला खेटे घालावे लागतील का?

उत्तर : नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे काम करतो तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे असतात, म्हणून आपली तक्रार नंदुरबारलाच चालेल. ती ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लावण्याची सक्ती नाही. नोटीस मिळाल्यावर शोरूमला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवले आहे. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. त्याआधी योजनेचे छापील पत्रक पाहून घ्या, कारण जुन्या गाडीचे आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दुसऱ्याच्या नावावर चढल्याची प्रत दिल्यावरच बोनस, अशी अट पुष्कळ योजनांत असते. तशी अट असेल आणि हस्तांतर शोरूमनेच रखडवले असेल, तर तक्रारीत बोनसबरोबर हस्तांतराचीही मागणी करा.