आई-बाबांचं बिऱ्हाड हलवताना

निवृत्तीनंतर परराज्यातलं बिऱ्हाड गुंडाळून मुलांजवळ राहायला निघालेले आई-वडील हल्ली सरळ गाडीनेच येतात. सुट्ट्या लागल्या की या प्रवासाबद्दलची पत्रं वाढतात, आणि त्यांतले गैरसमज दरवर्षी तेच असतात.

प्रश्न : आई इन्सुलिन घेते. भोपाळहून पुण्याला दोन दिवसांत पोचू. इन्सुलिन बर्फात ठेवायचं ना?

अजिबात नाही. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी फेकूनच द्यायचं. न उघडलेला साठा २ ते ८ अंश सेल्सिअसला, बर्फाच्या पिशवीला न टेकवता ठेवा. वापरातलं पेन बाहेर साधारण चार आठवडे टिकतं, पण डिकीत किंवा डॅशबोर्डवर नको. जेवणाआधीचं इन्सुलिन ढाब्यावर ऑर्डर दिल्याबरोबर टोचू नका, ताट समोर येऊ द्या. साखर हाताशी असू द्या. डोस बदलायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा.

प्रश्न : बाबांची लघवीची गोळी प्रवासापुरती बंद केली तर?

मनाने नाही. वेळ मागेपुढे करता येते, तीही डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : रस्ता मोकळा मिळतो म्हणून मुलगा रात्री निघू म्हणतो.

नको. पहाटे दोन ते पाच चालवणाऱ्याचा डोळा लागण्याची भीती सर्वांत जास्त.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, दोन महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं. दिल्लीहून नाशिकला गाडीने आणतोय. शेजारी म्हणतात, रोज एक अ‍ॅस्पिरिन द्या. ऑनलाइन चुंबकीय मोजेही मागवलेत. पुरेसं आहे?

नाही. या विषयाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून सविस्तर लिहितो. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, तर पायाच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलं आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर तो पहिले तीन महिने मुळातच जास्त असतो. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन देऊ नका. या वयात पोटात रक्तस्राव होऊ शकतो. चुंबकाने गुठळी टळत नाही, ते निव्वळ पैसे उकळणं आहे. दाब देणारे मोजे उपयोगी पडतात, पण पायाचं माप घेऊन, आणि पायाचा रक्तपुरवठा तपासल्यावरच. गुठळीचं औषध द्यायचं की प्रवासच महिनाभर पुढे ढकलायचा, हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना विचारा. निघालातच, तर दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना आधार देऊन चालवा. बसल्या जागी घोटे वरखाली करायला लावा, पाणी तोडू नका.

खरी चूक पोचल्यावर होते. घरात खोकी उघडणं चालू असतं, एक पोटरी दुखते, सगळे म्हणतात प्रवासाचा शीण, आणि कुणीतरी तेल लावून पाय चोळायला बसतं. कृपा करून चोळू नका! शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ते कलर डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायचं का ठरवतील. फरक नसला तरी एकच पाय सुजला, दुखला किंवा गरम लागला तर दाखवाच. प्रवासानंतर काही आठवड्यांनीही हे होऊ शकतं. दम लागला, छातीत दुखलं, थुंकीतून रक्त आलं किंवा घेरी आली, तर थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : आजोबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. गाडी लागते, उलटीची गोळी देऊ का?

विचारल्याशिवाय नाही. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी लघवी अडते, म्हाताऱ्या माणसांना भ्रमही होतो.

प्रश्न : महिन्याभराच्या गोळ्या आहेत. सामान लागलं की नवा डॉक्टर शोधू, चालेल?

इतकं थांबू नका. पहिल्याच आठवड्यात दाखवा. जुन्या डॉक्टरांकडून आजारांची, औषधांच्या मूळ नावांची आणि अ‍ॅलर्जीची चिठ्ठी घ्या. फाइल आणि गोळ्या सामानाच्या ट्रकमध्ये चढवू नका. ट्रक चार-चार दिवस उशिरा येतात, आणि मग रक्तदाबाची कुठली गोळी चालू होती, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.