वाचक विचारतात : जुन्या कॅसेट, कॅप्चर कार्ड आणि घरचा कॉम्प्युटर

घरातल्या कॅसेट कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या, याबद्दल सोलापूर आणि परिसरातून आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत दोष कॅप्चर कार्डाच्या, म्हणजे बाहेरचे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाच्या, माथी मारलेला दिसतो. प्रत्यक्षात बिघाड बहुधा कार्डाच्या अलीकडे, म्हणजे कॅसेट, व्हीसीआर किंवा वायरीत असतो. म्हणून खरेदीआधी व्हीसीआर थेट टीव्हीला जोडून बघा. तिथेच चित्र खराब असेल तर कितीही महागडे कार्ड आणून उपयोग नाही.

प्रश्न : घरी १९९४ सालच्या लग्नाच्या दोन कॅसेट आहेत, व्हीसीआरही चालतो. बाजारात अगदी स्वस्त डोंगलपासून फोर-के कार्डापर्यंत सगळे मिळते. नेमके काय घ्यावे? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

फोर-के विसरा. आपल्याकडची व्हीएचएस कॅसेट पाल या इथल्या टीव्ही पद्धतीची असते. तिच्यातले सगळे काही ७२० बाय ५७६ ठिपक्यांच्या चित्रात मावते. प्रत्यक्ष बारकावा तर त्याहून बराच कमी असतो. तुम्हाला हवे ते साधे यूएसबी कार्ड, पण त्यात तीन गोष्टी बघून घ्या. चित्राच्या पिवळ्या पिनेसोबत लाल-पांढऱ्या आवाजाच्या पिनाही त्याच कार्डात असाव्यात. तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) उत्पादकाच्या साइटवर आज मिळत असावा. आणि कार्डाने चित्र न दाबता (कॉम्प्रेस न करता), वाययूवायटू स्वरूपात द्यावे.

स्वस्त डोंगलांची खरी अडचण दर्जापेक्षा ओळखीची आहे. बाहेरून सगळे सारखे दिसतात. आत मात्र सिनटेकची एसटीके११६०, एम्पियाची ईएम२८६०, फुशिकाईची यूटीव्ही००७ किंवा सोमॅजिकची एसएमआय२०२१ यांपैकी कोणतीही चिप निघते, आणि खोक्यातली सीडी भलत्याच चिपची असू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असे जा. ०५ई१ आणि ०४०८ दिसले तर एसटीके११६०, १बी७१ आणि ३००२ दिसले तर यूटीव्ही००७. ड्रायव्हर चिपच्या नावाने शोधा. या दोन्ही चिपचे ड्रायव्हर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहेत, त्यामुळे विंडोजवर अडले तर तो रस्ता मोकळा आहे.

एव्हीचे एचडीएमआय करणारी छोटी डबी आणि तिच्यापुढे एचडीएमआय डोंगल अशी जोडणी दुकानदार सुचवतात. ती घेऊ नका. डबी चित्र ताणून मोठे करते, आडव्या ओळी घाईने एकत्र करते आणि डोंगल ते पुन्हा दाबतो. कॅसेटवरून गेलेला बारकावा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

सुरू करण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी लग्न पुसले जाणार नाही. कॅसेट वर्षानुवर्षे पडून असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. मग व्हर्च्युअलडब२ या मोफत प्रोग्राममध्ये पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट निवडा आणि हफवाययूव्ही किंवा लागारिथ कोडेकने (दर्जा न घालवता फाइल लहान करणाऱ्या पद्धतीने) रेकॉर्ड करा. न दाबलेले चित्र तासाला ७५ जीबी खाते. या कोडेकने ते साधारण ३० जीबीच्या आसपास येते. म्हणजे तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला शंभर जीबी मोकळी जागा धरा. डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची असू द्या. पेनड्राइव्ह किंवा जुनी डिस्क फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीला पोहोचताच रेकॉर्डिंग थांबते. "कार्ड मध्येच बंद पडते" म्हणून लिहिलेल्या काही पत्रांचे कारण हेच दिसते.

हालचालीच्या जागी कंगव्यासारख्या रेघा दिसतील. तो दोष नाही. कॅसेटवर सेकंदाला ५० अर्धी चित्रे असतात, त्या या रेघा. मूळ फाइल तशीच जपून ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीसाठी एफएफएमपेग या मोफत प्रोग्राममधला, रेघा काढणारा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर सेकंदाला ५० फ्रेम देईल असा वापरा. थेट २५ फ्रेम केल्यास वरातीतली हालचाल अडखळत दिसते. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी दिसते ती व्हीसीआर एका हेडवरून (टेप वाचणाऱ्या भागावरून) दुसऱ्या हेडवर जातो ती जागा. प्रत्येक व्हीएचएस कॅसेटवर ती असते, तिची काळजी नको.

प्रश्न : टीव्हीवर चित्र ठीक दिसते, कॉम्प्युटरवर मात्र वरचा भाग उजवीकडे वाकतो, मध्येच निळा पडदा येतो आणि तासाभराने आवाज ओठांच्या पुढे धावतो. कार्ड बदलू का? (दुकानदार, नवी पेठ)

नका बदलू. तुम्ही लिहिलेले हे दोन वेगळे आजार आहेत.

टेप यांत्रिक असते. ती ताणते, सैल पडते, म्हणून प्रत्येक ओळ थोडी मागेपुढे सुरू होते. जुना टीव्ही हे चालवून घेतो, कार्डाला मात्र प्रत्येक ओळ नेमक्या वेळी लागते. वेळ चुकली की वरचा भाग वाकतो, फारच चुकली की कार्ड सिग्नल गेला असे समजून निळा पडदा देते. आधी व्हीसीआरचे ट्रॅकिंग हळूहळू फिरवून बघा. त्यानंतर हेड साफ करा. त्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामड्याचा तुकडा लागतो. वायर भिंतीतून काढून, ओला तुकडा हेड बसवलेल्या गोल ड्रमवर हलका टेकवून धरा आणि ड्रम वरून हाताने फिरवा. तुकडा कधीही वर-खाली घासू नका, हेडचे टोक तुटते. कापसाची काडी तर नकोच, तिचे तंतू हेडमध्ये अडकतात. यंत्रमागांच्या वस्तीतल्या घरांत कापसाची बारीक धूळ व्हीसीआरच्या आत साठते. तिथे पट्टे आणि रोलरही पुसून घ्या.

एवढे करूनही चित्र वाकत असेल तर ओळींच्या वेळा दुरुस्त करणारा टाइम बेस करेक्टर हवा. तो महाग असतो. त्याऐवजी जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर व्हीसीआरची पिवळी पिन त्याच्या इनपुटला, त्याचे आउटपुट कार्डाला अशी जोडणी करा. रेकॉर्ड करायचे नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. अनेक मॉडेलांत याने चित्र लक्षणीय स्थिर होते. हे घरगुती चित्रणापुरतेच. विकत घेतलेल्या सिनेमाच्या कॅसेटवर कॉपीरोधक सिग्नल असतो आणि रेकॉर्डर तिथे अडतो.

आता आवाज. तुम्ही आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेता असे पत्रावरून दिसते. मग चित्राचे घड्याळ कार्डात आणि आवाजाचे घड्याळ लॅपटॉपच्या साउंड चिपमध्ये, अशी दोन घड्याळे चालतात. त्यांतला किंचित फरक तासाभरात डोळ्यांना दिसू लागतो. आवाज कार्डाच्याच लाल-पांढऱ्या पिनांतून घ्या. विंडोज १० किंवा ११ वर तिथून काहीच ऐकू आले नाही तर सेटिंगमधील प्रायव्हसीत मायक्रोफोनची परवानगी चालू आहे ना ते बघा. विंडोज कार्डाच्या आवाजालाही माइकच समजते.

दुसरे कारण गळालेल्या फ्रेम, म्हणजे रेकॉर्ड न होता निसटलेली चित्रे. व्हर्च्युअलडब त्यांचा आकडा दाखवते. तोच दहा मिनिटांचा भाग पुन्हा घ्या. फ्रेम त्याच जागी गळत असतील तर दोष टेपचा. जागा बदलत असेल तर दोष कॉम्प्युटरचा. तसे असेल तर हब काढून कार्ड थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, पॉवर सेटिंगमधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा आणि त्या फोल्डरपुरते अँटिव्हायरसला थांबवा.

प्रश्न : चित्र स्वच्छ, पण काळे-पांढरे! (होटगी रोड)

सॉफ्टवेअरमध्ये इनपुट कंपोझिटऐवजी (पिवळ्या पिनेऐवजी) एस-व्हिडिओ (वेगळी गोल पिन) निवडले गेले असेल, किंवा पालऐवजी एनटीएससी ही अमेरिकेतली पद्धत. दोन्ही तपासा. कॅसेट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली असेल तर ती एनटीएससी असते. इथले बरेच व्हीसीआर ती टीव्हीसाठी पाल-६० (एनटीएससीच्या वेगात, पण पालच्या रंगपद्धतीत) करून देतात. कार्डाच्या यादीत पाल-६० असेल तर रंग येतील. नसेल तर खरे एनटीएससी देणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधावा लागेल.

प्रश्न : २००६ चा मिनीडीव्ही कॅमेरा आहे. त्यात गड्ड्याची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक आहे. यूएसबी वायर लावली तर फक्त फोटो दिसतात. यूएसबी-फायरवायर केबल घेतली, तीही चालत नाही. (छायाचित्रकार, अक्कलकोट रोड)

ती केबल चालणारच नाही. फायरवायर (कॅमेऱ्याचे डीव्ही पोर्ट जिच्यावर चालते ती) आणि यूएसबी या वेगळ्या भाषा आहेत. नुसती वायर भाषांतर करत नाही. पैसे परत मागा.

मिनीडीव्हीवर चित्र आधीच डिजिटल असते, त्यामुळे तुम्हाला कॅप्चर कार्ड लागतच नाही. पिवळ्या पिनेने घेतलेत तर उगीच दर्जा घालवाल. डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे फायरवायर कार्ड बसवा, शक्यतो टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचे. विंडोज १० वर कॅमेरा दिसला नाही तर मायक्रोसॉफ्टचा जुना, लेगसी १३९४ ओएचसीआय ड्रायव्हर टाका. मग विनडीव्ही या प्रोग्रामने टेप जशीच्या तशी उतरते, तासाला सुमारे १३ जीबी. एक तासाची टेप उतरायला एक तासच लागतो. वायर जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या फायरवायरमधून वीजही जाते, आणि चालू स्थितीत पिन तिरकी लागली तर कॅमेऱ्याचे डीव्ही पोर्ट जळू शकते. ते पोर्ट गेले तर चांगली प्रत काढायचा मार्गच बंद होतो, म्हणून इथे घाई नको.

प्रश्न : क्लासचे फळ्यावरचे शिकवणे कॅमेऱ्यातून थेट दाखवण्यासाठी "फोर-के" लिहिलेला एचडीएमआय डोंगल घेतला. हात हलला की चित्र पुसट होते. सेट-टॉप बॉक्स लावला तर नुसता काळा पडदा. डोंगल खराब आहे का? (सात रस्ता)

खराब नाही, त्याची कुवत तेवढीच आहे. एमएस२१०९ चिपचे हे डोंगल फोर-के सिग्नल आत घेतात, पण यूएसबी २.० वरून १०८० ओळींचे चित्र सेकंदाला ३० फ्रेम, तेही एमजेपेगमध्ये दाबून देतात. न दाबलेल्या १०८० च्या ६० फ्रेमना सेकंदाला जवळपास २५० एमबी लागतात, यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच ६० एमबी आहे. फळ्यासाठी ३० फ्रेम पुरतात. कॅमेऱ्याचा शटर एक पन्नासांश ठेवून खोलीत प्रकाश वाढवलात तर पुसटपणा बराच कमी होईल. आणखी चांगले हवे असेल तर यूएसबी ३.० चे कार्ड घ्या आणि ते ३.० च्याच पोर्टला लावा. आवाजासाठी वेगळा यूएसबी माइक बरा. चित्र डोंगलमधून किंचित उशिरा येते, म्हणून टाळी वाजवून रेकॉर्ड करा. टाळीचा आवाज हातांच्या जितक्या फ्रेम आधी येतो, तितका तो ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये मागे ढकला. ३० फ्रेमच्या वेगात एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद.

सेट-टॉप बॉक्सचा काळा पडदा एचडीसीपी या कॉपीरोधक व्यवस्थेमुळे येतो. कॅमेऱ्याचे चित्र येते आहे, म्हणजे तुमचा डोंगल ठणठणीत आहे.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज येतो. (अशोक चौक)

ही ५० हर्ट्झची घरघर आहे. टीव्हीच्या केबलची वायर व्हीसीआरला लावलेली असेल तर आधी ती काढा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर व्हीसीआर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, म्हणजे दोन्हींचे अर्थिंग एका जागी येईल. थ्री-पिनची जाड पिन तोडणे हा उपाय नव्हे, त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

प्रश्न : माळ्यावरच्या कॅसेटच्या खिडकीतून पांढरी पूड दिसते. लावून बघू का? (बार्शी)

लावू नका. ती बुरशी आहे. एकदा चालवली की हेडला लागते आणि तिथून दुसऱ्या कॅसेटवर जाते. बाकीच्या कॅसेटपासून वेगळी करून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याखालचा माळा टेपसाठी भट्टीच असतो, म्हणून सगळ्याच कॅसेट खाली आणा आणि पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पूड फक्त कडेला असेल तर मास्क लावून, घराबाहेर, तंतू न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने रिळाच्या कडा हलक्या हाताने पुसता येतात. कॅसेटचे पाच स्क्रू खालच्या बाजूने असतात. नंतर ती टाकाऊ व्हीसीआरवर एकदा मागे-पुढे गुंडाळून मगच चांगल्या मशीनवर लावा. पूड वेढ्यांच्या आत शिरली असेल तर हे घरचे काम नाही, टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. टेप तुटलीच तर सेलोटेप चिकटवू नका. तिचा गोंद थेट हेडवर जातो. त्यासाठी टेप जोडायची खास स्प्लायसिंग टेपच वापरावी लागते.